आप्पांची तार आणि माझा गॉगल

आमच्या बॅटरीच्या दुकानात गिऱ्हाईक दोन वस्तू सोडून जातं. एक जुनी मेलेली बॅटरी आणि एक किस्सा. बॅटऱ्या अधूनमधून टेम्पो येऊन भंगाराला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते साठतात माझ्याकडं. मग घरी पाहुणे आले की चहाबरोबर मी एकेक बाहेर काढते, आणि आमचे हे हळूच आतल्या खोलीत जाऊन बसतात. कारण निम्म्या किश्शांत तेच असतात. उरलेल्या निम्म्यात माझीच शोभा झालेली असते, पण मला कुठं जायला खोली नाही.

दुकान बेळगावात, वडगावच्या वाटेवर. विणकरांच्या स्कूटर, उचगावकडचे ट्रॅक्टर, जांबोटीकडच्या जीपा, सगळ्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडं येतात. आम्ही तपासतो, चार्ज करतो, अगदीच गेली असेल तर नवी बसवतो. आम्ही म्हणजे चौघं. माझे सासरे, ज्यांना अख्खी गल्ली आप्पा म्हणते. आमचे हे. इराण्णा, जो माझ्या लग्नाच्या आधीपासून दुकानात आहे आणि एकाच वाक्यात कन्नड नि मराठी दोन्ही संपवतो. आणि मी. मूळची निपाणीची. लग्नाआधी बॅटरी म्हणजे टॉर्चमध्ये घालतात ती, एवढंच ज्ञान. आता चाळिशी कधीच उलटली आणि दुकानातलं टेस्टिंग माझ्याकडं आहे.

माझं एकच वाईट आहे. बूड टेकत नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या खोलीत मी सारखी डोकावते. खिडकी उघडी आहे का? कुणी उदबत्ती घेऊन तर आत गेलं नाही? बॅटरीवर कुणी पाना तर ठेवला नाही? इराण्णा गिऱ्हाइकाला माझी ओळखच अशी करून देतो, "चार्जरला कट-ऑफ हाय, भरलं की आपोआप बंद. आमच्या आक्काला न्हाय बसवला."

* * *

आधी आप्पांच्या डोळ्याचं सांगते. म्हणजे माझा जीव का वरखाली होतो ते कळेल.

आप्पांच्या डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही. लई वर्षांमागं बॅटरी फुटली आणि ॲसिड उडालं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात की त्या दिवशी त्यांनी बादलीभर पाणी डोळ्यात ओतलं म्हणून निदान डोळा जागेवर राहिला. इराण्णा म्हणतो पाणी त्यानं ओतलं. आप्पांना विचारलं तर, "कचरा गेलता डोळ्यात." विषय बंद.

उजव्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, हा एकच आहे, जपा. आमचे हे मान हलवून आले आणि विसरले. मी मान हलवून आले आणि तेव्हापासून झोपलेच नाही म्हणा.

कारण आप्पांची तार. आप्पांच्या शर्टाच्या खिशात वीतभर तांब्याची तार असते, दोन्ही टोकं काळी पडलेली. बॅटरी आली की ते ती तार दोन्ही टर्मिनलला टेकवतात. चट्ट! ठिणगी उडते. आप्पा खाली वाकून, तो एकुलता एक डोळा ठिणगीच्या अगदी जवळ नेऊन बघतात आणि निकाल सांगतात, "दणकट हाय" किंवा "गेली". अख्खं आयुष्य असंच तपासलं. निकाल चुकायचाही फारसा नाही.

पण चार्जिंग होताना बॅटरीतून गॅस निघतो. वास नाही, रंग नाही, गपचूप निघतो आणि झाकणापाशी साठून राहतो. त्यात ठिणगी पडली की डब्यासकट सगळं तोंडावर. रोज काही होत नाही, तीच तर पंचाईत. रोज झालं असतं तर आप्पांनी तार कधीच टाकली असती.

म्हणून मी गॉगल आणला. चांगला, चारी बाजूंनी बंद, मागं निळा पट्टा. आप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "आत घाम येतोय. काच धुरकटती. ठिणगी दिसत न्हाय."

"दिसू नये म्हणूनच आणलाय, आप्पा."

मग मी रोज त्यांच्या मागं. एका सकाळी गिऱ्हाइकाच्या बॅटरीवर वाकलेले बघून मी लांबूनच ओरडले, आप्पा, गॉगल? "घातलाय की." घातला होता खरा. कपाळावर!

"तिथं कुठं डोळा हाय?" मी म्हणाले.

"तू सून म्हणून आल्यापासनं सगळीकडंच डोळं ठेवावं लागत्यात."

* * *

कंपनीनं एकदा कोल्हापुरात ट्रेनिंग ठेवलं होतं. हॉलभर पुरुष आणि मी. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्यांदा काय केलं असेल? सगळ्यांना अंगावरचं धातूचं काढायला लावलं. अंगठी, कडं, घड्याळ, चेन. पाना हातात असताना अंगठी मधे आली की ती तापून लाल होते म्हणे, आणि बोटातून निघत नाही. बघता बघता टेबलावर सोनाराचं दुकान लागलं. एकेकाच्या गळ्यात काय काय होतं, कुणाला पत्ता नव्हता. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या गळ्यात लांब मंगळसूत्र, वाकलं की बरोब्बर बॅटरीवर लोंबणारं.

घरी येऊन हे आत्यांना सांगितलं. मग त्यांनीच तोड काढली. दुकानात लक्ष्मीच्या फोटोखाली खिळा ठोकला. सकाळी आल्यावर मंगळसूत्र तिथं अडकवायचं, जाताना घालायचं. देवीच्या नजरेखाली असलं की चालतं, असा त्यांचा निकाल.

उचगावचे बाळाप्पा आमचे जुने गिऱ्हाईक. ट्रॅक्टरची बॅटरी आमच्याकडं टाकून गेले होते, ते पावसाळा संपल्यावर उगवले. मी नुकताच गॉगल काढलेला. त्यात टिकली निघून आतल्या बाजूला चिकटलेली, ती मला नंतर सापडली. म्हणजे गळा मोकळा, कपाळ मोकळं, डोळे घामानं लाल. बाळाप्पांनी टोपी काढली. स्टुलावर बसले. मग हळू आवाजात, "कसं झालं म्हणायचं, वैनी?"

मला वाटलं त्यांच्या बॅटरीचं विचारतायत. मी म्हणाले, "काय सांगू आण्णा. बरेच दिवस कुणी लक्षच दिलेलं न्हाय. पाणीसुद्धा घातलं न्हाय कुणी."

बाळाप्पांनी कपाळाला हात लावला. "शेवटी पाणीबी न्हाय."

"आता रडून काय उपयोग? मी तर म्हणते, नवीनच बघायचं."

बाळाप्पा माझ्याकडं असं बघायला लागले की मला काही कळेना. तेवढ्यात आमचे हे डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन आतनं आले. "बाळाप्पा, कवा आलासा?"

बाळाप्पा स्टुलासकट मागं सरकले. घटाघटा पाणी प्यायले. मी फोटोखालचं मंगळसूत्र दाखवलं, ट्रेनिंगचं सांगितलं, टिकलीचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "तरीबी वैनी, मालकास्नी पाणी तेवढं येळेवर देत जावा."

* * *

एकदा दुपारी करंट गेलेला. बाहेर पाऊस भरून आलेला, दुकानात अंधार. जांबोटीचा एक जीपवाला आपल्या बॅटरीची झाकणं उघडून आत पाणी किती आहे ते बघत होता. मी नुकताच चहा घेऊन आत येत होते. तर ह्या गड्याला काही दिसेना, म्हणून त्यानं खिशातनं लायटर काढला. पेटवला. आणि निघाला की बॅटरीवर वाकायला!

माझ्या हातात कप होता, तोच ओतला. लायटरवर, हातावर, बाहीवर, सगळीकडं. लायटर विझला. गडी बॅटरीपासून लांब उडाला.

त्यानं बाही झटकली. माझ्याकडं बघितलं. "आक्का, चहा इचारलासा त्ये बरं वाटलं. पर आमच्याकडं कपातनं पित्यात."

कोपऱ्यात आप्पा बसले होते. त्यांना भयंकर राग आलेला. कितीतरी वेळ पुटपुटत होते, काय माणसं, एवढंबी कळू नये, बॅटरीपाशी जाळ न्यायचा असतोय काय. हे म्हणताना त्यांच्या हातात काय होतं, सांगू? तार. टोकं घासून साफ करत होते.

* * *

आता माझं ऐका.

ॲसिड सांडलं तर त्यावर खायचा सोडा टाकायचा, हा धडा मी दुकानात सगळ्यांकडून पाठ करून घेतलाय. त्यासाठी एक डबा कायम चार्जिंगच्या दारात. डब्यावर नाव कुठल्या भाषेत लिहायचं ह्यावरनं आमचे हे आणि इराण्णा अर्धा दिवस भांडले. आपल्या भागात असल्या बाबतीत माणूस सोड्यासाठीसुद्धा मागं हटत नाही. शेवटी मी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत लिहिलं आणि मराठी वर की कन्नड वर म्हणून भांडण व्हायला नको, म्हणून गोल फिरवून लिहिलं. डबा फिरवत बसायचं, ज्याला जे पाहिजे ते समोर घ्यायचं.

मग एक दिवस खरंच ॲसिड सांडलं. मीच सांडलं. फरशीवर फस्स करून बुडबुडे. मी धावले, डबा उचलला, मूठ मूठ टाकत सुटले. इराण्णाला मोठ्यानं समजावून सांगत होते, बघ, घाबरायचं नाही, शांतपणानं टाकायचं. टाकतेय, टाकतेय, पण ॲसिड काही शांत होईना. फरशीवर पांढरा चिकट लगदा तयार झाला.

आत्यांनी आदल्या दिवशी सोडा भज्यांसाठी घरी नेला होता. डबा रिकामा दिसला तर मी रागावेन, म्हणून त्यात तांदळाचं पीठ भरून परत ठेवला होता!

इराण्णा लगद्याकडं बघून अगदी शांतपणानं म्हणाला, "दोसा माडतीरेन्री, आक्का?" म्हणजे, डोसे करताय काय? आणि गुपचूप पाण्याचा पाइप घेऊन आला.

* * *

निपाणीला माझ्या भाचीचं लग्न होतं. म्हटलं, आज बॅटरी नाही, ॲसिड नाही, पैठणी नेसून नुसतं बसायचं. इराण्णानं तर निघताना हात जोडून सांगितलं होतं, "तिथं तरी बसा."

बसले. अगदी पुढच्या रांगेत. अक्षता वाटून झाल्या. आणि मांडवाच्या कडेनं मला जनरेटरची गाडी दिसली. ती सुरू होत नव्हती. एक माणूस पाना घेऊन बॅटरी सोडवायला लागलेला, आणि पाना लावला होता लाल वायरीला!

काळी आधी सोडायची. काळी शेवटी जोडायची. हे मी आमच्याकडं गिऱ्हाइकाला नमस्काराच्या आधी सांगते. लाल आधी सोडायला गेलं आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला की ठिणग्यांचं झाड उडतं. मी स्वतःला समजावलं, तुला काय करायचंय, तुझं लग्न नाही, तुझी बॅटरी नाही. तोवर पाय चालायला लागले होते.

त्या माणसाला बाजूला केलं, अंगठ्या काढून त्याच्याच खिशात टाकल्या, मंगळसूत्र मागं पाठीवर टाकलं आणि काळी वायर सोडली. तिकडं भटजी "सावधान" म्हणत होते, आणि अख्ख्या मांडवात ते मनावर घेणारी मी एकटीच.

अल्बम आला. त्यात माझा एकच फोटो आहे. पैठणी, नाकात नथ, आणि हातात काळी वायर. बहीण अजून बोलत नाही नीट. जनरेटरवाला मात्र मुद्दाम बेळगावला येऊन बॅटरी घेऊन गेला. अंगठ्याही परत दिल्या.

* * *

आता हे जरा नीट सांगते, कारण ह्यात हसण्यासारखं फार नाही.

दसऱ्याच्या आधी, पावसाचाच एक दिवस. बाळाप्पांची बॅटरी चार्जरवरून नुकती काढलेली. पाऊस आत येतो म्हणून कुणीतरी खिडकी लावून घेतलेली. मी लोड टेस्टर घेऊन थांबले होते. हा टेस्टर म्हणजे दोन चिमटे लावायचे, बॅटरीवर जरा वेळ ओझं टाकायचं आणि काटा किती खाली येतो ते बघायचं. पण चार्जरवरून काढल्या काढल्या लावायचा नाही, थोडी विसावू द्यायची, गॅस जाऊ द्यायचा. मी बाळाप्पांना तेच सांगत होते, जरा थांबा.

आप्पांना ते थांबणं आवडलं नाही. त्यांच्या दुकानात, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, आणि सून सांगते थांबा. त्यांनी खिशातनं तार काढली. "थांबायचं कशाला? आत्ता दावतो."

वाकले. डोळा खाली नेला. गॉगल कपाळावर.

मी काउंटरच्या पलीकडून अलीकडं कशी आले, मला आठवत नाही. त्यांच्या हातातनं तार हिसकावून घेतली आणि म्हणाले, "एकच डोळा ऱ्हायलाय. त्योबी बॅटरीला घालणार हाईसा काय?"

त्या डोळ्याचं आजवर कुणी त्यांच्यासमोर काढलं नव्हतं. आत्यांनीसुद्धा. आणि मी गिऱ्हाइकादेखत बोलले.

आप्पांनी गॉगल काढून काउंटरवर ठेवला. टोपी नीट केली. छत्री न घेता घराकडं चालायला लागले. आमचे हे छत्री घेऊन मागं धावले.

बाळाप्पा बराच वेळ बॅटरीकडं बघत होते. "बरोबर बोललासा वैनी," ते म्हणाले. "पर असं नको हुतं बोलायला."

* * *

दुसऱ्या दिवसापासून आप्पा दुकानात यायचे बंद झाले.

घरी आम्ही एकाच पंगतीला बसायचो, पण त्यांचं माझ्याशी बोलणं आत्यांच्या मार्फत. मी समोर वाढत असताना, "तिला सांग, आमटीत मीठ कमी हाय." आत्या माझ्याकडं वळून सांगायच्या, आमटीत मीठ कमी आहे. मी मीठ वाढायची. आत्या त्यांना सांगायच्या, वाढलंय.

आणि दुकानात? मला वाटलं होतं, आता निवांत. कुणी ठिणगी पाडणार नाही, कुणाच्या मागं गॉगल घेऊन फिरायला नको. पण माझी येरझार दुप्पट झाली. चार्जिंगच्या खोलीत जायचे, परत यायचे, आप्पांच्या खुर्चीकडं बघायचे, परत खोलीत. इराण्णा म्हणाला, "आप्पा होते तेव्हा तुम्ही त्यांच्याकडं बघत होता. आता खुर्चीकडं बघता. खुर्ची काय फुटत न्हाय, आक्का."

तार माझ्या ड्रॉवरमध्ये होती. एका संध्याकाळी मी ती काढली, गॉगलच्या निळ्या पट्ट्यात गुंडाळली आणि घरी नेऊन आप्पांच्या रेडिओशेजारी ठेवली. तार त्यांची होती. दुकान उभं राहिलं ते त्या तारेवर. ती मी ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवणारी कोण? आणि गॉगल का ठेवला, ते त्यांना कळण्यासारखं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी दुकानात आल्यावर मनात आलं. आता घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ठिणगी पाडून बघत बसले तर?

* * *

दोन-चार दिवस गेले असतील. भर दुपारी आत्यांचा दुकानात फोन. आवाज अगदी बारीक केलेला. म्हटलं, पाडली ठिणगी.

"अगं, तुझं सासरं सैपाकघरात बसल्यात."

"काय झालं त्यास्नी?"

"गॉगल घालून कांदा चिरायला लागल्यात. म्हणत्यात, एक थेंब न्हाय आला डोळ्यातनं."

आप्पांनी जन्मात कधी कांदा हातात घेतला नव्हता. मी इतकी खूश झाले की फोनवरच म्हणाले, आत्या, त्यांना सांगा ना, उद्यापासून दुकानात या म्हणावं.

आत्यांनी आवाज आणखी बारीक केला. मग म्हणाल्या, "येवढ्यात नगं बोलवूस. अजून अर्धी बुट्टी कांदा हाय."

* * *

आणि खंडेनवमी आली.

आमच्या दुकानात ही पूजा आप्पाच करतात, दुसऱ्या कुणी केलेली नाही. सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगच्या खोलीत ओळीनं मांडायच्या, पाने, चिमटे, सगळी हत्यारं पुढं ठेवायची, हळद-कुंकू, झेंडू, उदबत्तीचा पुडा अख्खा, आणि मग कापराची आरती. मोठी. ज्वाळ वीतभर. त्या बंद खोलीत, त्या बॅटऱ्यांवरून ओवाळायची! दरवर्षी मी बाहेर उभी राहून देवाचं नाव घ्यायची, ते भक्तीनं नव्हे.

यंदा मी ठरवलं होतं. आदल्या दिवशीच सगळे चार्जर बंद. सकाळी मी नि इराण्णानं खोलीच्या खिडक्या उघड्या टाकल्या, आणि पूजेचा पाट बाहेर, दुकानासमोरच्या अंगणात मांडला. त्यावर लक्ष्मीचा फोटो आणि फक्त नव्या, बंद खोक्यातल्या बॅटऱ्या. पण आप्पा येतील का, हेच ठाऊक नव्हतं. आले आणि बाहेर मांडलेलं बघून फिरून गेले तर? लक्ष्मी उंबऱ्याबाहेर बसवली म्हणाले तर? मी आत-बाहेर इतक्या फेऱ्या मारल्या की इराण्णानं माझ्या हातात झेंडूची टोपली दिली आणि म्हणाला, एक एक पाकळी तोडा.

बाळाप्पा ट्रॅक्टर घेऊन आलेले, हार घालायला. त्यांनी पण विचारलं, आप्पा येणार न्हवं? मी पाकळ्या तोडत राहिले.

आणि आत्यांबरोबर आप्पा आले. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी. आणि गॉगल. डोळ्यांवर. निळा पट्टा टोपीखालून मागं नीट बसवलेला. गल्लीतली माणसं थांबून बघत होती, आप्पा कुणाकडं बघत नव्हते.

त्यांनी पाटाकडं बघितलं. खोलीच्या उघड्या खिडक्यांकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाळाप्पाच बोलले, "आप्पा, यंदा पूजा भायेर का वं?"

आप्पा त्यांच्याकडं वळले, जसं काही हा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे अगदीच कच्चा. "आत गॅस असतोय रं. एवढी वरसं बॅटरी वापरतोस, तुला ठावं न्हाय?"

इराण्णानं तोंड फिरवलं. मी झेंडूत तोंड घातलं.

आप्पा पाटापुढं बसले. मी हत्यारं मांडली होती, लोड टेस्टर, पाने, ॲसिड मोजायची काचेची नळी. त्यांनी एकेकाला हळद-कुंकू लावलं. टेस्टरला लावताना जरा थांबले, त्याचे चिमटे सरळ केले. मग खिशात हात घातला आणि तार काढली. टोकं घासून अगदी लखलखीत केलेली. ती त्यांनी सगळ्यांच्या मधे, देवीच्या फोटोला टेकवून ठेवली. कुंकवाचं बोट लावलं. वर एक झेंडू.

पूजेला ठेवलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. फोटो परत आत भिंतीवर गेला, आणि ती तार आजही त्याच फोटोपाशी आहे, माझ्या मंगळसूत्राच्या खिळ्याशेजारी.

आरती झाली. कापराची ज्वाळ वीतभरच होती, पण वर मोकळं आभाळ होतं. आप्पांनी ताट सगळ्यांपुढं फिरवलं. बाळाप्पांनी ज्वाळेवर हात धरले, डोळ्यांना लावले. आत्यांनी, ह्यांनी, इराण्णानं. मग ताट माझ्यापुढं आलं. आप्पांनी ते जरा जास्त वेळ धरलं. मी आरती घेतली.

शेवटी ताट खाली ठेवून ते स्वतः वाकले. बोटं कुंकवानं लाल. दोन्ही तळवे ज्वाळेवर धरले, ऊब घेतली, आणि डोळ्यांना लावले. म्हणजे काचांना. आधी उजव्या, मग डाव्या.

दोन्ही काचांवर कुंकवाची बोटं उमटली. मी पदरानं पुसायला पुढं झाले. आप्पांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "दिसतंय मला."